पहिल्या भागाला आम्ही दोघी हसलो

आई हसत होत्या, आणि नेमके त्याच वेळी प्रभाकरदादा दारात उभे राहिले.

जाळीचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि आमच्याकडे न बघता आधी टीव्हीकडे बघितलं. पडद्यावर एक बाई मांडीवर फोटोंचा ढीग घेऊन बसली होती. तिचा नवरा आदल्या दिवशी गेलेला, आणि हार घालावा असा त्याचा एकही फोटो घरात सापडत नव्हता. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून त्याला कापून मोठा केला, तर त्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी चार बोटं राहिली. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी फोटोला नमस्कार करायचा आणि मग हळूच विचारायचा, ही बोटं कुणाची?

आई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. मीही हसत होते. जयंतला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

जयंत म्हणजे माझा नवरा, आईंचा धाकटा मुलगा. सांगलीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, स्वयंपाकघरात बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं. मी तेव्हा मिरजेला एका नाट्यवाचनाची बातमी करायला गेले होते. घरी फक्त आई होत्या. त्यांनी थोरल्या मुलाला, म्हणजे प्रभाकरदादांना फोन केला. दादा गावभागातल्या त्यांच्या घरून गाडी घेऊन आले, जयंतला घेऊन दवाखान्यात गेले, आणि मी पोचले तेव्हा दादा व्हरांड्यात बाकावर बसले होते. मला बघून ते उठले आणि म्हणाले, "गाडीत बोलला माझ्याशी. म्हणाला, रेवतीला सांग, आईला सोडून जाऊ नको."

त्या वाक्याला माझ्या लेखी किती वजन होतं, ते सांगायला हवं. मी एका स्थानिक दैनिकात रविवारची पुरवणी बघायचे आणि तिच्यात टीव्हीवर एक सदर लिहायचे. जानेवारीत पुण्याच्या एका साप्ताहिकात मुलाखत देऊन आले होते. आम्ही दोघांनी ठरवलंही होतं की मला घेतलं तर जायचं, जयंतने तिकडे शाळा बघायची, आईंना आवडलं तर त्यांनीही यायचं. एप्रिलमध्ये पत्र आलं, निवड झाली होती. घरातली परिस्थिती कळवल्यावर त्यांनी जूनअखेरपर्यंत जागा राखून ठेवली. पण दादांनी ते वाक्य दहाव्याला सांगितलं, तेराव्याला सांगितलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे. मी नकाराचं पत्र लिहून ठेवलं होतं. फक्त पाठवलं नव्हतं.

तर ती जूनमधली सोमवारची संध्याकाळ. नव्या मालिकेचं नाव होतं ‘दुखवट्याला यायचं हं’. विनोदी मालिका, आणि विषय एका घरातलं सुतक. नाव जाहीर झाल्यापासूनच गावोगाव तिच्या निषेधाची निवेदनं निघाली होती. आमचे संपादक इनामदार यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की पहिला भाग बघा आणि प्रथमदर्शनी जे वाटेल ते लिहा. मग चष्मा पुसत म्हणाले होते, तुमच्या बाबतीत काय झालंय ते वाचकांना ठाऊक आहे, तुम्ही दुखावलात असं लिहिलंत तर त्याला वजन येईल. मला काय वाटणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. खरं सांगायचं तर मीही धरलं होतं. आईंनी बघू नये म्हणून मी आवाजही लहान ठेवला होता. पण त्या आतून आल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, मोठा कर.

दादांनी पुढे होऊन टीव्ही बंद केला.

"घरात अजून वर्षश्राद्ध झालेलं नाही," ते म्हणाले.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. दादा कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि व्यापारी मंडळात त्यांचा शब्द चालायचा. खिशातून त्यांनी घडी केलेला कागद काढला. मंडळातर्फे वाहिनीला निवेदन जाणार होतं आणि त्यावर पहिली सही आईंची हवी होती. शोकाकुल माता-भगिनींच्या भावना दुखावल्या आहेत, असं त्यात लिहिलं होतं. जिचा तरणाताठा मुलगा गेला तिची सही वर असली की बाकीच्यांना बोलायला जागा राहणार नाही, असं दादांनी समजावून सांगितलं. आईंनी चष्मा लावला, कागद शेवटपर्यंत वाचला, होती तशी त्याची घडी केली आणि तो दादांच्या हातात दिला.

"माझ्या भावना दुखावल्या नाहीत. ज्यांच्या दुखावल्यात त्यांची सही घे."

दादांनी कागद खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले की निदान मी तरी पेपरात नीट लिहावं, आणि जयंता शेवटी काय सांगून गेला ते लिहिताना आठवावं. मी मान खाली घातली. चार महिन्यांत मला ती सवय लागली होती.

"रेवती, टीव्ही लाव," आई म्हणाल्या.

मी उठले नाही. उठवेना. आई स्वतः उठल्या, बटण दाबलं आणि येऊन बसल्या. दादा चपला घालून निघून गेले.

उरलेला भाग आम्ही बघितला. मालिकेतल्या त्या बाईला दर तासाला कुणीतरी येऊन विचारायचं, कसं झालं हो? ती पहिल्या दिवशी रडत सांगायची, तिसऱ्या दिवशी पाठ झाल्यासारखं, आणि पाचव्या दिवशी तिला घोटभर पाणी प्यायचं असलं की शेजारीण तिच्या वतीने सांगायची, तिच्यापेक्षा रंगवून. त्यातच नवऱ्याचे शेवटचे शब्द बदलत गेले. खरं तर तो म्हणाला होता, पंखा बंद कर, गार लागतंय. थोरल्या मुलाच्या तोंडी त्याचं झालं, घर विकू नका. मुलीच्या तोंडी झालं, माझ्या लेकीला अंतर देऊ नका. एक लांबचा भाचा तर म्हणाला, मामांनी शेवटी माझीच आठवण काढली. बाई कोपऱ्यातून सगळ्यांकडे बघत होती. भाग संपताना कुणीतरी तिलाच विचारलं, काय म्हणाले हो शेवटी? ती म्हणाली, "पंखा." कुणाला काहीच कळलं नाही.

मी खूप हसले. इतकी की डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते थांबेना. भानावर येऊन बघितलं तर आई हसत नव्हत्या. जाहिराती चालू होत्या आणि त्या त्यांच्याकडे लक्ष देऊन बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेथी निवडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, त्या मालिकेतली ती पंख्याची गंमत चांगली होती. आईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"रेवती, जयंता गाडीत काही बोलला नाही."

मला आधी अर्थच लागला नाही.

"गाडी यायच्या आधीच गेला तो. इथेच, माझ्या मांडीवर. मला कळलं होतं. प्रभाकर आला, त्याला उचलून घेऊन गेला. मी काही बोलले नाही. म्हटलं, नेऊ दे."

मी विचारलं की मग ते वाक्य? आई म्हणाल्या की ते प्रभाकरचं. त्याच दुपारी त्याने ते चार लोकांना सांगितलं, आणि त्यानंतर त्याला खोटं पाडायचं त्यांना धैर्य झालं नाही. दोन्ही भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला माहीत होतं. एका मुंजीत जयंतने दादांची नक्कल केली होती, सगळा मांडव हसला होता, आणि दादा जेवण न करता निघून गेले होते. जयंत दोनदा त्यांच्या दुकानात गेला, दादांनी मान वर केली नाही. "वर्षभर न बोललेला भाऊ मेला," आई म्हणाल्या, "त्याने काहीतरी बोलून घेतलं. मी आई आहे त्याचीही."

मी उठून गॅलरीत गेले. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. चार महिने मी त्या वाक्यात राहिले होते. सकाळी उठताना, भाजी आणताना, पुण्याचं पत्र कपाटात ठेवताना. जयंतला मी ओळखत होते असं समजत होते, आणि तो जाताना मला अशी अट घालून गेला याचंही एक वेगळं दुःख मला झालं होतं. ते मी कुणाला बोलले नव्हते. तो असं म्हणूच शकत नाही, हे माझं मलाच कळायला हवं होतं.

परत आत आले आणि म्हटलं, मी हे लिहिणार. पेपरात लिहिणार, नावानिशी.

"प्रभाकरचं लिहू नकोस," आई म्हणाल्या. "माझं लिही. मी हसले ते लिही. काय ते मी बघून घेईन."

मी विचारलं, तुम्ही इतके दिवस मला का नाही सांगितलंत? मी पुण्याला नाही म्हणणार होते. त्यांनी जुडी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या की त्यांनाही वाटत होतं मी जाऊ नये. ते वाक्य खोटं होतं, पण त्यांच्या सोयीचं होतं. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण कमी करूनही सांगितलं नाही. "काल ती बाई पंखा म्हणाली," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला माझीच लाज वाटली."

त्या दुपारी मी कचेरीत बसून एका दमात लिहिलं. त्यातलं सगळं आता आठवत नाही. सुरुवात अशी होती: ‘माझे पती चार महिन्यांपूर्वी वारले. काल मी माझ्या सासूबाईंबरोबर ही मालिका बघितली. पहिल्या भागाला आम्ही दोघी हसलो.’ पुढे लिहिलं होतं की मालिका दुःखाला हसत नाही, दुःख बघायला आलेल्यांना हसते. दिग्दर्शन काही ठिकाणी ढिलं आहे, शेजारणीचं काम करणारी नटी जरा जास्त करते, आणि तरी चार महिन्यांत माझ्या घरात जे जे घडलं ते इतकं खरं मला कुणी दाखवलं नव्हतं. शेवटी होतं की कुणाला आमच्या वतीने दुखावून घ्यायचं असेल तर त्यांनी आधी आम्हाला विचारावं.

इनामदारांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, भाषा चांगली आहे. मग म्हणाले की पहिली तीन वाक्यं काढू या, सासूबाईंचा उल्लेख नको, उद्या तुम्हालाच त्रास होईल. मी म्हटलं की ती तीन वाक्यं म्हणजेच लेख आहे, बाकीचं काढलंत तरी चालेल. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. सहा वर्षांत मी त्यांचं म्हणणं कधी मोडलं नव्हतं, त्यामुळे आम्हा दोघांनाही पुढे काय करायचं ते कळेना.

"छापा किंवा छापू नका," मी म्हटलं. "पण मी दुखावले असं माझ्या नावावर छापू नका."

रविवारी लेख जसाच्या तसा आला. नेहमीच्या जागेवर नाही, आतल्या पानावर खाली, राशिभविष्याच्या शेजारी. पण सांगलीत तो वाचायचा कुणी राहिला नसावा. नऊ वाजल्यापासून फोन सुरू झाले. माझ्या चुलतसासूबाई म्हणाल्या की आमच्या काळी बायका वर्षभर उंबऱ्याबाहेर पडत नसत आणि तू हसलीस ते छापून आणतेस. एका अनोळखी बाईने फोन करून तिचा नवरा गेला तेव्हाची हकिगत सांगितली आणि सांगता सांगता हसायला लागली. फोन ठेवताना नावही सांगितलं नाही तिने. आई प्रत्येक फोन स्वतः घेत होत्या. "हो, मीच ती सासू. हो, हसले," एवढं म्हणून ठेवायच्या.

अकराच्या सुमाराला दादा आणि त्यांच्याबरोबर कुंदावहिनी आल्या. दादांच्या हातात पेपर होता. ते बसले नाहीत. म्हणाले की मंडळात त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही, काल सगळ्यांनी निवेदनावर सह्या केल्या आणि आज त्यांच्याच घरातून हे. मी ऐकून घेतलं. ते खरंच शरमले होते, आणि त्यांचा चेहरा त्या वेळी जयंतसारखा दिसत होता. माझा निश्चय थोडा हललाही असता. पण मग ते म्हणाले, "जयंता तुला शेवटी काय सांगून गेला, तेवढी तरी लाज ठेवायचीस."

"जयंतने मला काही सांगितलं नाही, दादा."

दादांचं लिहिणार नाही असा शब्द मी आईंना दिला होता. बोलणार नाही असा दिला नव्हता.

कुंदावहिनी माझ्याकडे आणि मग दादांकडे बघत म्हणाल्या, म्हणजे हे खोटं बोलतात असं म्हणायचंय का तुला? दादांनी आईंकडे बघितलं, आणि आईंनी नजर चुकवली नाही. तेवढ्यावरून त्यांना कळलं की आईंना पहिल्यापासून माहीत होतं.

"बस प्रभाकर," आई म्हणाल्या.

ते बसले. आईंनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून घेतली. मी त्यांना असं कुणासमोर बसलेलं कधी बघितलं नव्हतं, त्या नेहमी दाराशी किंवा ओट्याशी उभ्या असायच्या.

"मी थालीपीठ लावत होते. तो खाली बसला, म्हणाला कसंतरी होतंय. मी त्याला मांडीवर घेतलं आणि तुला फोन केला. त्याने ऐकलं ते. मला म्हणाला, ‘दादाला बोलावलंस? म्हणजे आता बोलावं लागणार.’ एवढंच. मग गेला."

हे मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होते. मंगळवारी त्यांनी मला गाडीचं सांगितलं होतं, हे सांगितलं नव्हतं. ते त्यांनी दादांसाठी राखून ठेवलं होतं, असं मला आता वाटतं.

दादा जमिनीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "चिडून म्हणाला?"

"हसत," आई म्हणाल्या.

दादांनी पेपर बाजूला ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले. कुंदावहिनींनी त्यांच्या खांद्याला हात लावला, तो त्यांना कळला असावा असं वाटलं नाही.

"मी बोललो ना पण," ते म्हणाले. "गाडीत. पूर्ण रस्ता बोलत होतो मी त्याच्याशी. सिग्नललासुद्धा थांबलो नाही. म्हटलं, मुंजीतलं सोड, घरी चल, जेवायला चल. तो ऐकत नव्हता. मला वाटलं राग आहे अजून."

मी चार महिने त्यांचं ते वाक्य खरं धरून त्याच्या धाकात जगत होते, आणि आता त्यांच्यावर ओरडायची वेळ आली तर ओरडता येईना. पण दया आली म्हणून गप्प बसले असते तर पुन्हा तेच झालं असतं. आज नऊ वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात मी धीटपणा केला तो लेखात नाही, तो पुढच्या एका वाक्यात.

"दादा, मी एक तारखेला पुण्याला जातेय," मी म्हटलं. "नोकरी धरतेय."

कुंदावहिनी लगेच म्हणाल्या, आणि आईंचं? त्यांना कोण बघणार?

आई माझ्याबरोबर येणार नव्हत्या. आमचं तसं बोलणं झालं होतं. त्या गावभागात दादांकडेही जाणार नव्हत्या. त्यांना त्याच घरात एकटीने राहायचं होतं, आणि त्या पुढची सहा वर्षं तशाच राहिल्या, लोकांना बोलायचं ते बोलू देऊन. पण त्या दिवशी हे समजावून सांगण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. उठल्या, पदर खोचला आणि थोरल्या मुलाला म्हणाल्या, "एक तारखेला सकाळी सातला गाडी घेऊन ये. हिला स्टँडवर सोडायचंय. पुस्तकांच्या बॅगा जड आहेत."

दादा साडेसहालाच आले.